लाकडाच्या नावाचा देश

मागच्या वेळी आपण नामरूपाची चर्चा केली होती. नाव आधी की वस्तू आधी, हा तो जुना वाद. काही श्रोत्यांनी नंतर कळवलं की उदाहरणं फार कोरडी होती. घट आणि पट यांच्या पलीकडे आम्ही जात नाही, अशी तक्रार होती. म्हणून आज एकच उदाहरण घेणार आहोत, आणि ते चांगलं ओलं आहे. ते एक झाड आहे, दक्षिण अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या पर्जन्यवनात वाढणारं. पोर्तुगीज त्याला ‘पाऊ-ब्राझिल’ म्हणतात, म्हणजे ब्राझीलचं लाकूड.

आता कुणीही म्हणेल, ब्राझील देशात होतं म्हणून ब्राझीलचं लाकूड, जसा नागपूरचा संत्रा. इथे मामला उलटा आहे. लाकडाचं नाव आधीचं आहे आणि देशाला ते लाकडावरून मिळालं. त्याहून गमतीची गोष्ट अशी की ते नाव मुळात त्या झाडाचंही नव्हतं. ते होतं आपल्याकडच्या एका झाडाचं.

आपल्याकडे ‘पतंग’ नावाचं एक लाकूड मिळतं. आकाशात उडतो तो पतंग नव्हे आणि दिव्यावर झेप घेतो तोही नव्हे. आयुर्वेदाच्या ग्रंथांत पतंग किंवा पत्रांग म्हणून येतो तो. काष्ठौषधींच्या दुकानात अजूनही त्याच्या तांबूस ढलप्या मिळतात. दक्षिण भारत, ब्रह्मदेश, सयाम, सुमात्रा हा त्याचा मुलूख. गाभ्याचं लाकूड पाण्यात उकळलं की लाल रंग उतरतो. तुरटी घालून त्यात सूत बुडवलं की ते लाल-गुलाबी होतं. होळीचा गुलाल रंगवायलाही हे लाकूड वापरत असत.

हा पतंग अरबांच्या गलबतांतून तांबड्या समुद्रातून वर जाई आणि पुढे व्हेनिसच्या बाजारात पोचे. युरोपात बाराव्या शतकापासून त्याला ब्रासिल, ब्रेझिल, वर्झिनो अशी नावं सापडतात. ‘ब्रासा’ म्हणजे निखारा, त्यावरून हा शब्द आला, असं बहुतेक जण सांगतात. काहींना ते मान्य नाही. आयर्लंडच्या पश्चिमेला समुद्रात ‘ब्रासिल’ नावाचं एक काल्पनिक बेट चौदाव्या शतकाच्या नकाशांवर काढलेलं असे. त्याचा या लाकडाशी संबंध जोडायचा मोह पुष्कळांना होतो. आम्हाला तो जोडावासा वाटत नाही, कारण त्या बेटाला लाकूड चिकटवण्यासारखा पुरावा काही नाही.

व्हेनिसच्या व्यापाऱ्यांना माल मात्र नीट माहीत होता. कोल्लमहून येणाऱ्या उत्तम प्रतीला ते ‘कोलंबिनो’ म्हणत. मार्को पोलोने कोल्लमच्या या लाकडाची नोंद केली आहे. सुमात्राहून त्याने बीही नेलं आणि व्हेनिसला पेरून पाहिलं. उगवलं नाही. थंडीमुळे असं झालं, हे तो स्वतःच सांगतो.

म्हणजे १५०० सालाच्या आधी युरोपच्या डोक्यात ‘ब्राझिल’ हे खूण म्हणून पक्कं बसलेलं होतं. पूर्वेकडून येणारं, महाग, लाल रंगाचं लाकूड. नाव हिंडत होतं आणि त्याला अजून एक वस्तू मिळायची होती.

ती मिळाली हिंदुस्थानच्या वाटेवर. मार्च १५०० मध्ये पेद्रो आल्वारेस काब्राल तेरा जहाजं घेऊन लिस्बनहून निघाला. जायचं होतं कालिकतला. दोनच वर्षांपूर्वी वास्को द गामा तिथे जाऊन आला होता. आफ्रिकेला वळसा घालण्यासाठी वारा धरत जहाजं पश्चिमेकडे फार सरकली आणि २२ एप्रिलला त्यांना एक डोंगर दिसला. खाली किनाऱ्यापर्यंत झाडी होती. मुद्दाम गेले की चुकून पोचले, यावर भरपूर शाई खर्च झालेली आहे. ती वाढवायची आपल्याला गरज नाही. ते तिथे दहा दिवस राहिले, पाणी भरून घेतलं आणि पुढे हिंदुस्थानला निघून गेले.

या दहा दिवसांचं वर्णन पेरू व्हाझ द कामिन्या नावाच्या लेखनिकाने राजाला लिहिलेल्या पत्रात आहे. पत्र १ मे १५०० चं आहे, छापलं गेलं मात्र १८१७ मध्ये. तीनशे वर्षं ते लिस्बनच्या दफ्तरात पडून होतं. त्यात एक जागा आहे, जिच्यापाशी आम्ही दर वाचनाला थांबतो. सुतार मोठा लाकडी क्रूस तयार करत होते. तिथले लोक घोळक्याने जमून पाहत होते. कामिन्या प्रामाणिकपणे लिहितो की ते क्रूस पाहायला आले नव्हते, लोखंडी हत्यार पाहायला आले होते, कारण त्यांच्याकडे लोखंड नाही. पुढच्या शंभर वर्षांत त्या किनाऱ्यावर जे झालं त्याचं बीज या एका निरीक्षणात आहे, असं आमचं मत आहे. राजाला खूश करण्यासाठी लिहिणाऱ्या माणसाला ते दिसलं आणि त्यानं ते लिहून ठेवलं, हे विशेष. हा कामिन्या त्याच वर्षी डिसेंबरात कालिकतला पोर्तुगीज वखारीवर हल्ला झाला त्यात मारला गेला.

काब्रालने त्या भूमीला ‘खऱ्या क्रूसाचं बेट’ म्हटलं. मग ते ‘पवित्र क्रूसाची भूमी’ झालं. राजाच्या कागदपत्रांत हे नाव होतं, धर्मगुरूंना ते हवं होतं. पण खलाशी आणि सावकार वेगळं काहीतरी म्हणत होते. १५०१-०२ च्या सफरीतल्या आमेरिगो व्हेस्पुचीने इथे हे रंगाचं लाकूड अमाप आहे, असं कळवलं. १५०२ मध्ये राजा मानुएलने तो सगळा किनारा फेर्नांव द नोरोन्या या लिस्बनच्या व्यापाऱ्याच्या मंडळीला तीन वर्षांच्या मक्त्याने दिला. दर वर्षी सहा जहाजं पाठवायची आणि तीनशे लीग नवा किनारा शोधायचा, अशी अट होती. मीठ किंवा अफूचा मक्ता असतो तसा एका अख्ख्या किनाऱ्याचा मक्ता! पंधराएक वर्षांत नकाशांवर ‘ब्राझीलची भूमी’ दिसू लागली. १५१९ च्या एका सुंदर पोर्तुगीज नकाशात तर माणसं कुऱ्हाडीने लाकूड तोडताना, वाहताना रंगवलेली आहेत.

जोआंव द बारूश हा पोर्तुगीज इतिहासकार. आशियातल्या पोर्तुगीजांचा इतिहास त्याने लिहिला म्हणून गोव्याच्या अभ्यासकांना तो परिचित आहे. या नावबदलाने तो फार व्यथित झाला. ज्या लाकडावर तारणहाराने प्राण सोडला त्या लाकडाचं नाव जाऊन कापड रंगवायच्या लाकडाचं नाव यावं, हे सैतानाचंच काम, असं त्याचं म्हणणं. हसू येतं, पण त्याला नेमकं दुखलं कुठे ते पाहा. दोन्ही नावं लाकडाचीच होती. एका लाकडाला बाजारभाव होता, तेवढाच फरक.

आणखी एक भाषिक गंमत. ब्राझीलच्या माणसाला पोर्तुगीजमध्ये ‘ब्राझिलेइरू’ म्हणतात. त्या भाषेत ‘-एइरू’ हा प्रत्यय सहसा धंद्याला लागतो. ‘फेर्रेइरू’ म्हणजे लोहार, ‘पेद्रेइरू’ म्हणजे गवंडी. म्हणजे ब्राझिलेइरू हा मुळात ब्राझीलकर नव्हे, ब्राझीलवाला! या लाकडाचा धंदा करणारा. आज वीस कोटींहून अधिक लोक स्वतःला हे धंद्याचं नाव अभिमानाने लावतात.

आता खुद्द झाडाकडे वळू. तिथल्या तुपी भाषेत त्याला ‘इबिरापितांगा’ म्हणत. इबिरा म्हणजे झाड, पितांगा म्हणजे लाल. युरोपियन शास्त्रात त्याला नाव मिळालं १७८५ मध्ये. लामार्कने त्याला ‘सीसाल्पिनिया एकिनाटा’ म्हटलं. ‘एकिनाटा’ म्हणजे काटेरी. २०१६ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला स्वतंत्र प्रजाती दिली आणि तो ‘पाऊब्राझिलिया एकिनाटा’ झाला. त्या प्रजातीत हे एकटंच झाड आहे.

आपल्या परसातलं काही डोळ्यांपुढे आणायचं तर सागरगोटा आणा. लहानपणी ज्या राखी रंगाच्या बिया वर उडवून झेलल्या, त्या सागरगोट्याची शेंग अंगभर काट्यांची असते. या झाडाची शेंगही तशीच काटेरी. शंकासुराची पानं आठवा, पिसासारखी दुहेरी. गुलमोहर पण याच गोत्रातला. तेव्हा हे आपलं दूरचं भाऊबंद झाड आहे आणि आपला पतंग त्याचा जवळचा. फुलं पिवळी, सुवासिक, आणि एका पाकळीवर लाल ठिपका. खोडावरही काटे. शेंग वाळली की तडकन फुटते आणि बिया लांब फेकल्या जातात. या बिया फार दिवस टिकत नाहीत, लवकर मरतात. सावलीत हळूहळू वाढणारं, दम धरणारं हे झाड आहे. तोडल्यावर आतला गाभा आधी नारिंगी-पिवळसर दिसतो. हवा लागली की तो लाल होत जातो. त्यातल्या ब्राझिलिन नावाच्या द्रव्याचा हवेशी संयोग होतो म्हणून.

आणि हे राहतं कुठे? पर्जन्यवन म्हटलं की लोकांना अमेझॉन आठवतं. या झाडाचा अमेझॉनशी संबंध नाही. ब्राझीलच्या पूर्व किनाऱ्याला लागून एक वेगळं जंगल आहे, त्याला अटलांटिक अरण्य म्हणतात. दक्षिणेकडे त्यात किनाऱ्याला समांतर डोंगररांग आहे आणि समुद्राची वाफ तिच्यावर आदळून पाऊस पडतो. सह्याद्री आणि कोकण ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे निराळं समजवायला नको. या अरण्याने ब्राझीलमध्ये एकेकाळी सुमारे तेरा लाख चौरस किलोमीटर व्यापले होते. आज त्याचा आठवा हिस्सा उरला आहे, तोही तुकड्यातुकड्यांनी. आपलं झाड त्यातही सगळीकडे नव्हतं. रिओ ग्रांदे दो नॉर्तेपासून रिओ द जानेरोपर्यंत, किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात, थोड्या कोरड्या, वाळूच्या किंवा सपाट पठाराच्या जंगलात ते असे. म्हणजे नेमकं जिथे जहाज लागतं तिथे. या झाडाचं दुर्दैव त्याच्या रंगात होतं, तसंच त्याच्या पत्त्यातही होतं, असं म्हणायला हरकत नाही.

धंदा चाले तो असा. पोर्तुगीज झाड तोडत नसत. त्यांना तोडता आलंही नसतं. तोडायचे ते तुपी बोलणारे लोक. झाड पाडायचं, फांद्या छाटायच्या, साल आणि बाहेरचं पांढरं लाकूड तासून काढायचं, लाल गाभ्याचा ओंडका खांद्यावर घेऊन कोसभर, दोन कोस चालत किनाऱ्याला आणायचा. मोबदल्यात कुऱ्हाडी, सुऱ्या, आरसे, कापड. दगडी कुऱ्हाडीने जे झाड पाडायला फार वेळ लागे ते लोखंडी कुऱ्हाडीने थोडक्यात पडे. कुऱ्हाड हीच मजुरी आणि कुऱ्हाड हेच हत्यार. जितकी मजुरी मिळेल तितकी तोड वाढते. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला काय म्हणतात ते अर्थशास्त्रज्ञ सांगतील. आम्हाला तर इथे कामिन्याने पाहिलेला तो घोळकाच दिसतो.

१५११ मध्ये ‘ब्रेतोआ’ नावाचं जहाज लिस्बनहून काबू फ्रिऊला गेलं. त्याचा हिशेब उपलब्ध आहे. परत येताना त्यात सुमारे पाच हजार ओंडके होते. शिवाय पोपट, माकडं, रानमांजरं. आणि पस्तीसएक माणसं, गुलाम म्हणून. सगळं एकाच यादीत.

फ्रेंच लोकही मागे नव्हते. पोपने जग पोर्तुगाल आणि स्पेनमध्ये वाटून दिलं होतं ते फ्रान्सच्या राजाला मान्य नव्हतं, आणि नॉर्मंडीच्या कापडवाल्यांना लाल रंग हवा होता. नॉर्मंडीतल्या रुआँ शहरात १५५० मध्ये राजा दुसरा हेन्री आला. तेव्हा शहराने नदीकाठी ब्राझीलचा देखावा उभारला. झाडांची खोडं लाल रंगवली, झोपड्या बांधल्या आणि पन्नासएक खरे तुपिनांबा लोक त्यात आणून ठेवले. ते लाकूड तोडतात, वाहतात, जहाजात भरतात, असं राजाला दाखवलं गेलं. रुआँच्या एका घरावरच्या ओक लाकडातल्या कोरीव पट्ट्या तिथल्या संग्रहालयात आहेत, त्यातही हाच प्रसंग आहे. ओकच्या लाकडात कोरलेलं ब्राझीलचं लाकूड!

या फ्रेंचांपैकीच एक जाँ द लेरी. हा तरुण प्रोटेस्टंट, १५५७ मध्ये गुआनाबाराच्या खाडीवर, म्हणजे आजच्या रिओजवळ, वर्षभर राहिला. त्याचं पुस्तक आलं वीस वर्षांनी, १५७८ मध्ये. त्यात एक मजेदार हकिगत आहे. त्यांच्यातल्या एकाने कपडे धुवायला राख घेतली, ती नेमकी या लाकडाची. सदरे पांढरे व्हायच्या ऐवजी तांबडे झाले आणि तो रंग काही केल्या जाईना. पूर्ण जळलेल्या राखेत रंग राहणार नाही, न जळलेला भुसा त्यात असणार. पण हकिगत खरी वाटते.

याच पुस्तकात एका तुपिनांबा म्हाताऱ्याशी झालेलं संभाषण आहे, आणि तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने ते चुकवू नये. म्हातारा विचारतो, तुम्ही एवढ्या लांबून लाकडासाठी का येता? तुमच्याकडे जळण नाही का? लेरी सांगतो, आम्ही हे जाळत नाही, यातून रंग काढतो, तुम्ही नाही का तुमचं सूत आणि पिसं रंगवत. बरं, पण एवढं कशाला लागतं? लेरी म्हणतो, आमच्याकडे असे व्यापारी आहेत की त्यातला एकटाच सगळं लाकूड विकत घेईल. म्हातारा विचारात पडतो. हा एवढा श्रीमंत माणूस, तो मरत नाही का? मरतो, इतरांसारखाच. मग त्याचं सगळं कुणाला मिळतं? मुलांना, नसली तर भावांना. त्यावर म्हातारा म्हणतो की मग तुम्ही मोठेच वेडे आहात. एवढा समुद्र ओलांडता, हाल सोसता, ते मुलांसाठी साठवायला. ज्या भूमीने तुम्हाला पोसलं ती त्यांना पोसणार नाही का? आम्हालाही मुलं आहेत, पण आमच्यामागे ही भूमी त्यांना सांभाळेल, म्हणून आम्ही स्वस्थ असतो.

हे म्हातारा खरंच असं बोलला का? शंका घेणं रास्त आहे. लेरी हा कॅल्व्हिनपंथी. ब्राझीलहून परतल्यावर त्याने फ्रान्समधली धर्मयुद्धं पाहिली, सान्सेरच्या वेढ्यातली उपासमार सोसली. स्वतःच्या समाजातल्या हावरेपणावर कोरडा ओढायचा आणि तो चाबूक परक्याच्या हातात द्यायचा, ही युक्ती जुनी आहे. दोनच वर्षांनी माँतेन्य आपल्या निबंधात ब्राझीलच्या लोकांकरवी तेच करतो. तेव्हा संवादाचा शेवट लेरीने रचला असेल, हे आम्ही सहज मान्य करू. पण सुरुवातीचा प्रश्न, तुमच्याकडे जळण नाही का, हा मात्र रचलेला वाटत नाही. लाकूड म्हणजे जळण, ही ज्याची रोजची समज आहे त्याच्याच तोंडी तो येतो. एखाद्या खेडेगावातून रोज ट्रक भरभरून माती नेऊ लागलात तर म्हातारी माणसं असंच विचारतील.

आणि दुसरा मुद्दा जरा खुपणारा आहे. म्हाताऱ्याचं भाकीत त्याच्याच बाबतीत खोटं ठरलं. त्या भूमीने त्याच्या मुलांना सांभाळावं अशी व्यवस्था राहिली नाही. देवी, गोवर, गुलामगिरी, आणि मग ऊस. १५३० नंतर पोर्तुगालने मक्तेदारीचा किनारा सोडून वसाहतीचा किनारा करायचं ठरवलं. पेर्नांबुकू आणि बाइया भागात उसाचे मळे आले. लाकडाला तुपी माणूस अदलाबदलीने पुरत होता. उसाच्या घाण्याला बांधलेला माणूस हवा होता.

इथे आमचं मत थोडं प्रचलित मताच्या विरुद्ध आहे. शाळेच्या पुस्तकात वाचायला मिळतं की लाकडाच्या व्यापाराने हे झाड संपवलं. वॉरन डीन या इतिहासकाराने अटलांटिक अरण्याच्या विनाशाचा मोठा इतिहास लिहिला, तो १९९५ मध्ये आला. त्याच्या अंदाजाने पहिल्या शतकात वीस लाखांच्या आसपास झाडं तोडली गेली असावीत. आकडा लहान नाही. पण तोडलेल्या झाडाच्या बुंध्याला धुमारे फुटतात, शेजारची झाडं बी टाकतात. उसाने, पुढे कॉफीने आणि गुरांच्या कुरणांनी केलं ते वेगळं. त्यांनी जागाच घेतली. झाड तोडणं आणि झाडाची जागा घेणं यात फरक केला पाहिजे. एकात व्यक्ती जाते, दुसऱ्यात जातीचा आश्रयच जातो.

राजाला हे अर्धंमुर्धं कळलं होतं. डिसेंबर १६०५ मध्ये तिसऱ्या फिलिपने (तेव्हा पोर्तुगाल स्पेनच्या राजाखाली होतं) या एका झाडासाठी स्वतंत्र कायदा केला. परवान्याशिवाय तोड नाही. बुंधा असा तोडायचा की धुमारे फुटतील. जिथे ही झाडं आहेत तिथे शेतीसाठी जाळपोळ करायची नाही. जास्त चोरी केली तर देहदंड. वाचताना आजचा वनखात्याचा जाहीरनामा वाटतो. पण त्याचं कारण झाडाची कणव नव्हती. ते राजाच्या तिजोरीचं झाड होतं, म्हणून राखायचं होतं. आता राखण्याचा हेतू अशुद्ध असला म्हणून राखणं व्यर्थ ठरतं का? कांटवादी हो म्हणतील. आम्ही तेवढे कडक नाही. कायदा पाळला गेला असता तर झाडाने हेतू विचारला नसता.

लाकूड युरोपात गेल्यावर त्याचं काय होई तेही ऐका. ओंडका इतका कठीण की रंग काढायचा तर त्याचा भुसा करावा लागे. अॅमस्टरडॅमने १५९६ मध्ये एक सुधारगृह काढलं, ‘रास्पहाउस’. रास्प म्हणजे कानस. चोर, भिकारी, उनाड मुलं यांना तिथे कोंडून दोघादोघांनी दहा-बारा पात्यांची करवत ओढायला लावत. दिवसभर ब्राझीलचं लाकूड किसायचं. शहराने या भुशाचा मक्ताही त्या तुरुंगाला दिला होता. श्रमाने माणूस सुधारतो, अशी त्यामागची श्रद्धा. पैसे देऊन लोक हे बघायला येत. म्हणजे एका टोकाला कुऱ्हाडीसाठी ओंडका वाहणारा तुपी, दुसऱ्या टोकाला घामाघूम लाल भुशाने माखलेला डच कैदी, आणि मधे कुणाचा तरी तांबडा झगा.

वैशेषिक दर्शनात एक साधा नियम आहे. गुण द्रव्याच्या आश्रयाने राहतो, एकटा राहू शकत नाही. लाल रंग हा गुण, लाकूड हे द्रव्य. या व्यापाराला द्रव्याशी कर्तव्य नव्हतं, गुण हवा होता. रंग उतरला की भुसा फेकून द्यायचा. आणि तो रंगही पक्का नव्हे, बरं का! मंजिष्ठेचा लाल उन्हात टिकतो. पतंगाचा आणि त्याच्या ब्राझीलच्या भावाचा लाल उडून जातो. मेक्सिकोहून किरमिजी किड्यांचा रंग येऊ लागल्यावर उंची कापडाला तोच वापरत. हा राहिला स्वस्तातला लाल.

१८५६ मध्ये विल्यम पर्किनने डांबरातून पहिला कृत्रिम रंग काढला. १८५९ मध्ये ब्राझीलमधली या लाकडाची सरकारी मक्तेदारी संपली. इथे झाडाची सुटका व्हायला हवी होती. पण तोवर त्याला दुसरा गुण चिकटला होता.

व्हायोलिनच्या गजाची गोष्ट आहे ही. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये फ्रांस्वा झाव्हिये तूर्त नावाचा कारागीर होता. आज जगभर जो गज वापरतात त्याचं रूप त्याने पक्कं केलं. काठी आतल्या बाजूला वाकलेली, हलकी, ताण दिला की परत उसळणारी. यासाठी त्याने वेगवेगळी लाकडं वापरून पाहिली आणि शेवटी निवडलं ते हेच. गजवाले त्याला पेर्नांबुकू म्हणतात, कारण चांगला माल त्या बंदरातून येई. उष्णता देऊन वाकवलं की आकार धरतं, वर्षानुवर्षं सोडत नाही. हे लाकूड जड, तरी लवचिक, आणि कंप फार कमी खातं. रंगवाल्याला काठीचा भुसा हवा होता, या कारागिराला काठीच हवी होती. दोनशे वर्षांत याच्या तोडीचं लाकूड मिळालेलं नाही, असं बहुतेक वादक सांगतात. कार्बन तंतूंचे गज आले आहेत, चांगले आहेत, पण पट्टीचा वादक अजून कुरकुरतोच.

एका गजाला लाकूड किती? अख्ख्या गजाचं वजनच साठएक ग्रॅम. पण सरळ रेषेचं, गाठ नसलेलं लाकूड लागतं, त्यामुळे एका गजामागे बरंच लाकूड भुशात जातं. आणि लावलेलं झाड गजाजोगतं व्हायला तीसएक वर्षं तरी हवीत. रंगाच्या काळाशी तुलना केली तर ही मागणी किरकोळ आहे. पण आता उरलेलं जंगलही किरकोळ आहे.

ब्राझीलने १९७८ मध्ये कायद्याने या झाडाला राष्ट्रवृक्ष केलं. देशाला ज्याने नाव दिलं त्याला मान मिळायला इतका वेळ लागला. २००७ मध्ये वन्य प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या सायटीस करारात त्याचा दुसऱ्या परिशिष्टात समावेश झाला. म्हणजे व्यापार बंद नाही, पण परवाना हवा. मात्र तो नियम कच्च्या लाकडापुरता होता, तयार गजाला लागू नव्हता. पळवाट कुठे आहे ते सांगायला नको. २०२२ मध्ये पनामात ब्राझीलने मागणी केली की याला पहिल्या परिशिष्टात टाका, म्हणजे व्यापारच बंद. वाद्यवृंद हादरले. आयुष्यभराचा गज घेऊन देशाची सीमा ओलांडायची कशी? शेवटी तडजोड झाली. झाड दुसऱ्याच परिशिष्टात राहिलं, पण ब्राझीलमधून पहिल्यांदा बाहेर पडणाऱ्या तयार गजालाही परवाना आला. एकदा बाहेर आलेल्या, फिरत्या वादकाच्या गजाला सूट राहिली.

यात आमची सहानुभूती दोन्हीकडे आहे आणि ते आम्ही लपवत नाही. गज बनवणाऱ्यांनी २००० साली स्वतःची संस्था काढून ब्राझीलमध्ये रोपं लावायला पैसा दिला. रंगाच्या व्यापाऱ्यांनी साडेतीनशे वर्षांत असं काही केलं नव्हतं. दुसरीकडे, ब्राझीलच्या पर्यावरण खात्याने वेळोवेळी जप्त केलेल्या चोरट्या काठ्यांचे ढीग पाहिले की वाटतं, संगीताचं नाव घेतलं म्हणून चोरीची कुऱ्हाड पवित्र होत नाही. आमचा कल त्या तडजोडीकडे आहे, एका अटीवर. लावलेल्या झाडाची नोंद आणि जंगलातल्या झाडाची चोरी या दोन गोष्टी कागदावर सरमिसळ होऊ नयेत. आज त्या होतात, आणि सगळी मेख तिथे आहे.

एक जागा मात्र अनपेक्षित. दक्षिण बाइयात कोकोची लागवड करताना जंगल पूर्ण न तोडता सावलीसाठी उंच झाडं राखतात. त्या पद्धतीला ‘काब्रुका’ म्हणतात. त्या बागांमध्ये इबिरापितांगाची जुनी झाडं अजून सापडतात. तिथले लोक पानांच्या आकारावरून तीन प्रकार सांगतात, बारीक पानाचं, कॉफीच्या पानाचं आणि संत्र्याच्या पानाचं. आणि तुपिनांबाही त्याच भागात आहेत. ते संपले, असं पुष्कळ काळ लिहिलं जात असे. २०२४ मध्ये डेन्मार्कने त्यांचा लाल पिसांचा जुना झगा रिओच्या राष्ट्रीय संग्रहालयाला परत दिला, तेव्हा तो पाहायला ते आले होते.

वेळ होत आला. एका श्रोत्याने चिठ्ठी पाठवली आहे की आपल्याला त्या किनाऱ्याचं काही मिळालं का. मिळालं की! काजू. ‘अकाजू’ हा तुपी शब्द. त्याच किनाऱ्यावरचं झाड पोर्तुगीजांनी गोव्याला आणलं आणि कोकणभर पसरलं. अननसाचं नावही तिकडचंच. आपला शब्द तिकडच्या झाडाला लागला नाही, युरोपने ठेवलेला लागला. त्यांचा शब्द मात्र थेट आपल्या जिभेवर आला.

दुसरी चिठ्ठी अशी की पतंग आता कुठे पाहायला मिळेल. केरळला गेलात तर खाणावळीत गुलाबी कोमट पाणी पुढे येतं. ते बहुधा ‘पतिमुखम’चं असतं, म्हणजे आपला पतंगच. पुढच्या वेळी त्या पाण्यात थोडं लिंबू पिळून पाहा, पिवळं होईल. चिमूटभर खाण्याचा सोडा टाका, पुन्हा लाल. मार्को पोलोने कोल्लमला जे लाकूड पाहिलं, ते हेच.